घरात सैंधव मीठ, जाऊ गरोदर आणि जपानहून आलेलं समुद्री शेवाळ: आयोडीनसाठी किती घ्यायचं?

भुसावळची_सूनबाई

नमस्कार मंडळी. प्रश्न जरा लांब आहे, पण घरातल्या तीन बायकांचा आहे, म्हणून सगळं सविस्तर लिहिते.

आम्ही भुसावळला एकत्र राहतो. घर पूर्ण शाकाहारी, अंडंही चालत नाही. सासूबाईंना बीपी आणि थायरॉइड दोन्ही आहे, सकाळी उपाशीपोटी पन्नासची गोळी चालू आहे. धाकट्या जावेला तिसरा महिना लागलाय. मला स्वतःला काही त्रास नाही. दोनेक वर्षांपासून घरात फक्त सैंधव मीठ येतं. पुडीतल्या पांढऱ्या मिठाने बीपी वाढतं असं सासऱ्यांना कुणीतरी सांगितलं आणि तेव्हापासून वरण, भाजी, ठेचा, भाकरी सगळ्यात सैंधवच.

परवा जावेच्या तपासणीला गेलो तेव्हा डॉक्टर मॅडमनी मीठ कोणतं वापरता ते विचारलं. सैंधव म्हटल्यावर त्या म्हणाल्या, "मग आयोडीन कुठून मिळतं हिला?" बाहेर रांग होती, बोलणं तिथेच थांबलं. तेव्हापासून डोक्यात तेच आहे.

नेमकी त्याच आठवड्यात नणंद आली. ती आणि जावई जपानला असतात. समुद्री शेवाळात भरपूर आयोडीन असतं आणि ते शाकाहारी आहे म्हणून तिने चार पाकिटं दिली. एकात नोरीची पातळ कागदी पानं. एकात वाकामे, पाण्यात टाकलं की फुलून हिरवं होतं. एकात कोम्बूच्या जाड पट्ट्या, त्यांच्यावर पांढरी पूड दिसते. चौथ्यात हिजिकी, चहापत्तीसारखं काळं. ती म्हणते तिकडे कोम्बू उकळून त्या पाण्याचं सूप करतात. सासूबाई म्हणतात, "सगळं दळून डब्यात भर, रोज चिमूटभर कळण्याच्या पिठात टाकत जाऊ, कुणाला चवही लागायची नाही."

चिमूटभर म्हणजे बरोबर आहे का? जावेला चालेल का? सासूबाईंना चालेल का? पाकिटावर सगळं जपानीत आहे, आयोडीनचा आकडा मला तरी सापडला नाही. कुणाला नीट माहिती असेल तर सांगा. तोवर पाकिटं बंदच ठेवली आहेत.

केळीवाला_सावदा

राम राम ताई. खाण्यातलं मला फार कळत नाही, पण एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो, कारण आमच्या गावात हा विचार एकाच्या डोक्यात आला होता. आपल्याकडे केळीला आणि कपाशीला जे सीवीड देतात, दाणेदार किंवा बाटलीतलं, ते समुद्री शेवाळाचंच असतं. रामेश्वरमकडे दोरांवर कप्पाफायकस नावाचं शेवाळ वाढवतात, त्याचा रस पिकांसाठी वापरायचं तंत्र भावनगरच्या मीठ आणि सागरी रसायन संस्थेने विकसित केलं. काही कंपन्यांचा माल थंड समुद्रातल्या शेवाळाचा असतो, तो पोटॅशच्या अल्कलीत शिजवून काढतात. त्यात टिकायला औषध असतं, वरून खतंही मिसळलेली असतात. "सीवीडच आहे ना" म्हणून ते कुणी पाण्यात टाकून पिऊ नये, आणि लहान मुलांच्या हाती लागू देऊ नये. ड्रिपमधून सोडायला ते उत्तम आहे, तेवढंच त्याचं काम.

बाकी तुमच्या पाकिटांचं जाणकार सांगतीलच.

धुळ्याची_आहारतज्ज्ञ

सूनबाई, पाकिटं बंद ठेवलीत हे फार चांगलं केलंत. दळायचा बेत आधी रद्द करा. मी धुळ्यात बरीच वर्षं आहारसल्ल्याचं काम करते, गरोदर बायका आणि थायरॉइडचे रुग्ण रोज भेटतात, त्यामुळे हा विषय माझ्या जिव्हाळ्याचा आहे.

आधी गरज किती ते बघू. मोठ्या माणसाला दिवसाला साधारण 150 मायक्रोग्रॅम आयोडीन लागतं. गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बाईला जागतिक आरोग्य संघटना 250 सांगते. मायक्रोग्रॅम म्हणजे ग्रॅमचा दहा लाखावा भाग. वरची मर्यादाही आहे. युरोपात ती मोठ्यांसाठी दिवसाला 600 धरतात, अमेरिकेत 1100. गरोदरपणात 500 च्या वर गेल्याने जास्तीचा फायदा होत नाही, असं जागतिक आरोग्य संघटनेचं म्हणणं आहे.

आता तुमचं कोम्बू. त्याच्या एका ग्रॅममध्ये दोन-अडीच हजार मायक्रोग्रॅम आयोडीन सहज निघतं, काही नमुन्यांत त्याच्या कितीतरी पट जास्त सापडलंय. तुमच्या सासूबाईंची चिमूट अर्ध्या ग्रॅमची धरली तरी हजाराच्या वर गेलं. म्हणजे एका चिमटीत जावेची चार दिवसांची गरज, आणि ती रोज. पिठात पूड सारखी मिसळत नाही हा वेगळा धोका. एका भाकरीत काहीच नाही आणि दुसरीत सगळं, असं होऊ शकतं. "शेवाळ सुरक्षित आहे का" याचं एकच उत्तर मला देता येत नाही ते यामुळे. जात कोणती आणि वजन किती, एवढं कळल्याशिवाय शेवाळाचं नाव घेऊन काही सांगताच येत नाही.

नोरी त्यामानाने फार सौम्य. ग्रॅममागे 16 ते 40 च्या आसपास. मोठं पान अडीच-तीन ग्रॅमचं असतं, म्हणजे एका पानात साधारण 40 ते 120. वाकामे मधलं, ग्रॅममागे शंभराच्या आगेमागे. वाळलेलं दोन ग्रॅम घेतलं तर दोनशेपर्यंत जाऊ शकतं. समुद्र, हंगाम, वाळवण्याची पद्धत यांप्रमाणे हे आकडे बदलतात, त्यामुळे त्यांना औषधाच्या मापासारखं धरू नका.

हिजिकी मात्र सरळ बाजूला काढा, कुणीच खाऊ नका. त्यात असेंद्रिय आर्सेनिक म्हणजे सोमलाचा विषारी प्रकार बराच असतो. कॅनडाने 2001 मध्ये आणि ब्रिटनच्या अन्नसंस्थेने 2004 मध्ये लोकांना ते खाऊ नका असं स्पष्ट सांगितलंय. भिजवून पाणी टाकलं तर ते कमी होतं, पण पूर्ण जात नाही. नणंदबाईंनी प्रेमाने आणलंय हे खरं, पण यात भीड नको.

जास्त झालं तर काय बिघडतं, तेही सांगते, कारण "आयोडीनच आहे, विष थोडंच आहे" असं मला रोज ऐकायला मिळतं. थायरॉइड ग्रंथीवर एकदम आयोडीनचा लोंढा आला की ती हार्मोन बनवणं काही काळ बंद करते. निरोगी माणसाची ग्रंथी थोड्या दिवसांत त्यातून बाहेर येते. ज्यांची ग्रंथी आधीच दुखावलेली आहे त्यांची नेहमी येत नाही, आणि थायरॉइड मंदावतो. पोटातल्या बाळाची ग्रंथी तर जवळजवळ नऊ महिने भरेपर्यंत यातून बाहेर यायला शिकलेलीच नसते. जपानमध्ये गरोदरपणात फार कोम्बू खाल्लेल्या आयांच्या बाळांना जन्मतः थायरॉइड कमी असल्याच्या नोंदी आहेत. 1965 मध्ये होक्काइदोच्या किनाऱ्यावरच्या गलगंडाचा अभ्यास प्रसिद्ध झाला, तो आयोडीन कमी पडल्याने नव्हे, कोम्बू फार खाल्ल्याने झालेला गलगंड होता. 2009 मध्ये ऑस्ट्रेलियात कोम्बू घातलेलं सोयादूध बाजारातून परत मागवावं लागलं, पिणाऱ्यांचे थायरॉइड बिघडले होते. "जपानी लोक खातातच ना" याला माझं उत्तर हे आहे. ते पिढ्यानपिढ्या, लहानपणापासून खातात, आणि तरीही तिथे हे घडलं.

सूपाबद्दल विचारलंत. कोम्बू उकळलं की त्यातलं बहुतेक आयोडीन पाण्यात उतरतं. पट्टी काढून टाकली म्हणजे सूप हलकं झालं असं नाही, आयोडीन त्या सूपातच आहे. उलट कुणाला कोम्बूची पट्टीच भाजीत खायची असेल तर ती पंधरा-वीस मिनिटं उकळून ते पाणी ओतून द्यावं. पट्टीवरची पांढरी पूड बुरशी नाही, वाळताना वर येणारा तिचाच अंश आहे.

जावेसाठी माझं मत स्पष्ट आहे: कोम्बू नाही, केल्प (कोम्बूच्याच जातीचं शेवाळ) नावाच्या गोळ्या किंवा पूड नाही, हिजिकी नाही. आजच आयोडीनयुक्त मीठ आणा. सैंधवात आयोडीन नगण्य असतं. खडे मीठ समुद्राचं असलं तरी त्यातही फारसं नसतं, समुद्राचं म्हणजे आयोडीनचं असा समज चुकीचा आहे. आपल्याकडच्या नियमाप्रमाणे आयोडीनयुक्त मिठात घरी पोचताना किमान 15 मायक्रोग्रॅम ग्रॅममागे असावं लागतं. म्हणजे 5 ग्रॅम मिठातून किमान 75, आणि मीठ ताजं असेल तर त्याहून बरंच जास्त. त्यात दोन वेळचं दूध-दही धरा, त्यातूनही थोडं मिळतं. उरलेली तूट भरायला डॉक्टर मॅडमना विचारा, 150 मायक्रोग्रॅम आयोडीन असलेली गरोदरपणाची जीवनसत्त्वांची गोळी मिळते. सरकारी लोह आणि फॉलिक अॅसिडच्या गोळीत आयोडीन नसतं हे लक्षात ठेवा. "गोळ्या चालू आहेत" एवढ्यावर राहू नका. आणि थांबू नका. पहिल्या तीन-चार महिन्यांत बाळाचा मेंदू आईच्याच थायरॉइड हार्मोनवर वाढत असतो.

सासऱ्यांना समजावताना एवढं सांगा की बीपी वाढवतं ते सोडियम, आणि ते सैंधवातही जवळजवळ तेवढंच आहे. मीठ कमी करायचं हे बरोबर. पण जे खायचं ते आयोडीनचं खावं.

सासूबाईंच्या गोळीतच आयोडीन असतं, पन्नासच्या गोळीत तीसेक मायक्रोग्रॅम. त्यांचा थायरॉइड मंदावण्याचं कारण बहुतेक वेळा शरीराच्याच प्रतिकारशक्तीने ग्रंथीवर केलेला हल्ला असतं, आयोडीन कमी पडणं नाही. अशांना वरून शेवाळ दिलं तर फायदा शून्य आणि बिघाडाची शक्यता जास्त. घरातलं साधं आयोडीनचं मीठ त्यांना चालतं, त्याला घाबरायचं कारण नाही. मीठ बदलल्यावर दीड-दोन महिन्यांनी टीएसएच (थायरॉइडची रक्ततपासणी) तपासून घ्या, गोळी आपल्या मनाने कमी-जास्त करू नका.

तुम्ही स्वतः, काही त्रास नसताना, आठवड्यातून एकदोनदा नोरीचं पान शेकून भातावर चुरून खाल्लंत तर माझी हरकत नाही. चवीला खारट, किंचित मासळीसारखा वास येतो, सासूबाईंना तो कितपत रुचेल ते बघा.

भुसावळची_सूनबाई

ताई, काय बोलू, वाचून अंगावर काटा आला. मिक्सरचं भांडंसुद्धा धुऊन ठेवलं होतं. मीठ आजच आणते.

दोन शंका. आमच्याकडे हिवाळ्यात बाजरीच असते, ती थायरॉइडला वाईट असं ऐकलंय. आणि मीठ आम्ही चुलीजवळ उघड्या सटात ठेवतो, त्यातलं आयोडीन उडून जातं का?

चोपड्याचा_मास्तर

विज्ञान शिकवत होतो, आता निवृत्त. माझ्या घरचा अनुभव लिहितो, कारण तो कुणाच्या तरी उपयोगी पडावा असं मनापासून वाटतं.

माझ्या पत्नीच्या गळ्याला जुनी गाठ आहे, तपासलेली, निरुपद्रवी. गेल्या वर्षी नातेवाईकांच्या सांगण्यावरून तिने वजनासाठी ऑनलाइन मागवलेल्या केल्पच्या गोळ्या सुरू केल्या. डबीवर "नैसर्गिक" असं मोठ्या अक्षरात होतं. काही आठवड्यांत तिची छाती धडधडायला लागली, हात थरथरायचे, रात्री झोप नाही, वजन उतरलं. वजन उतरलं म्हणून आधी सगळ्यांना बरंच वाटलं. जळगावला तपासलं तर टीएसएच जवळजवळ शून्य. डॉक्टरांनी समजावलं की जुन्या गाठीला एकदम आयोडीन मिळालं की ती ताळतंत्र सोडून हार्मोन बनवत सुटते. गोळ्या बंद केल्या, काही महिने औषधं चालली, आता ती बरी आहे.

ज्यांच्या घरात पन्नाशी-साठीच्या पुढचं कुणी आहे आणि गळ्याला गाठ किंवा सूज आहे, त्यांनी कृपा करून ही पूड-गोळी घेऊ नये. हृदयाचा त्रास असेल तर अजिबात नको. माझ्या पत्नीच्या छातीत धडधडणारं ते हृदय मी हाताने अनुभवलंय.

धुळ्याची_आहारतज्ज्ञ

मास्तर, लिहिलंत हे फार बरं केलंत. असे रुग्ण मीही पाहते. "वजन उतरतंय" या आनंदात दोन-दोन महिने वाया जातात.

सूनबाई, बाजरीत काही घटक असे आहेत जे थायरॉइडच्या कामात अडथळा आणतात, हे खरं आहे. पण तो प्रश्न येतो जिथे महिनोन्महिने फक्त बाजरी खातात आणि आयोडीन मुळातच कमी असतं तिथे. आयोडीनचं मीठ घरात असेल, आणि बाजरीसोबत ज्वारी, कळणा, गहू आलटून पालटून असेल तर बाजरीची भाकरी आणि भरीत बिनधास्त खा. सोयाबीन मात्र सासूबाईंच्या गोळीच्या वेळेपासून लांब ठेवा, लोह आणि कॅल्शियमच्या गोळ्या तर चार तास लांब.

मिठाचं म्हणाल तर आपल्याकडच्या मिठात पोटॅशियम आयोडेट घालतात, ते आपल्या उष्ण हवेत टिकावं म्हणूनच निवडलेलं आहे. तरीही उघडा सट, चुलीची वाफ, ओला चमचा यांनी ते हळूहळू कमी होतंच. झाकणाचा डबा घ्या, ओट्यापासून लांब ठेवा, महिन्याभरात संपेल एवढीच पुडी फोडा. मीठ शक्य तिथे शेवटी घाला. आणि खात्री करायची असेल तर आशाताईंकडे मीठ तपासायची छोटी बाटली असते का विचारा. मिठावर एक थेंब टाकला की आयोडीन असेल तर ते निळं-जांभळं होतं. आमच्या शिबिरात हा प्रयोग केला की बायका आपापल्या घरची पुडी घेऊन येतात.

थोडं मागे जाऊन सांगते, कारण मिठावर राग धरणाऱ्यांना हे माहीत नसतं. जमिनीतलं आयोडीन पावसापुराने धुऊन समुद्रात जातं, त्यामुळे आपल्या ज्वारी-वांग्या-केळीत ते किती असेल याचा भरवसा धरता येत नाही. 1956 पासून डॉ. रामलिंगस्वामी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हिमाचलातल्या कांग्रा खोऱ्यात गावांना आयोडीनचं मीठ देऊन पाहिलं, आणि गलगंड उतरले. त्यावरूनच 1962 मध्ये देशाचा गलगंड नियंत्रण कार्यक्रम उभा राहिला. माणसाच्या ताटात रोज थोडं आणि जवळजवळ सारखंच पडणारी वस्तू म्हणून मीठ निवडलं गेलं. शेवाळाच्या पुडीत नेमका तोच सारखेपणा नाही.

केळीवाला_सावदा

ताई, एक विचारू का? आमच्याकडे फालुद्यात आणि खरवसासारख्या वड्यांत चायना ग्रास घालतात. तेही शेवाळाचंच ना? मग तेही गरोदर बाईला बंद का? आणि आमची आई एकादशी, चतुर्थी, श्रावण सोमवार सगळं धरते, उपवासाला सैंधवच लागतं. तिला काय सांगू?

धुळ्याची_आहारतज्ज्ञ

चायना ग्रास म्हणजे अगर. लाल शेवाळ उकळून, गाळून, धुऊन त्यातला फक्त गोठणारा भाग घेतात. आयोडीन त्यात जवळजवळ उरत नाही, म्हणून ते आयोडीनसाठी उपयोगाचं नाही आणि धोक्याचंही नाही. फालुदा खुशाल खा.

आईंना उपवासाचं सैंधव बंद करा असं मी कधीच सांगणार नाही. शरीरात मिळून 15 ते 20 मिलिग्रॅम आयोडीन साठलेलं असतं, त्यातलं बहुतेक थायरॉइडमध्येच, आणि बाकीचे दिवस नीट मिळत असेल तर एखाददुसऱ्या दिवसाने काही होत नाही. दोन डबे ठेवा. उपवासाच्या डब्यावर खूण करा, आणि रोजच्या स्वयंपाकात तो येऊ देऊ नका. लोणच्याला, पापडाला खडे मीठ वापरायचं तर वापरा, फक्त रोजचं वरण-भाजी-भाकरी आयोडीनच्या मिठात हवी.

आणि सूनबाई, पुढच्या भेटीत डॉक्टर मॅडमना तीन गोष्टी आठवणीने विचारा: जावेचा टीएसएच झालाय का, आयोडीनची गोळी द्यायची का, आणि दोन वर्षं सैंधव चालू होतं हे केसपेपरवर लिहिलंय का. रांग कितीही असू द्या, हे विचारूनच उठा.

भुसावळची_सूनबाई

ताई, मीठ आणलं, झाकणाच्या डब्यात भरलं. सासऱ्यांना सोडियमचं सांगितलं, ते थोडा वेळ गप्प बसले आणि मग म्हणाले, "सुनेच्या बाळासाठी आहे ना, मग तेच आण." हिजिकी आणि कोम्बू नणंदेला सांगूनच बाजूला काढलं, तिला वाईट नाही वाटलं, उलट तिने तिकडच्या मैत्रिणीला विचारलं तर तिलाही गरोदरपणात कोम्बू जपून खायला सांगितलं होतं. तपासणी गुरुवारी आहे. टीएसएचचा आकडा आला की इथेच लिहिते.